फिरतें इंजिन

भिंगार गांवास यंत्रांचा आवाज नवा नाहीं. अहमदनगरच्या, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरच्या, छावणीस लागून हें गांव वसलें आहे. १७०७ सालीं औरंगजेब बादशहानें अखेरचा श्वास घेतला तो याच परिसरांत. त्याच्या तळावर हत्ती, उंट आणि तोफा ओढणारे बैल यांचीच काय ती शक्ति होती. आज त्याच भूमीच्या आसपास सैन्याच्या चिलखती दलाची शाळा आहे, १९९४ सालीं उघडलेलें रणगाड्यांचें संग्रहालय आहे, आणि नगराजवळच लष्करी वाहनांचें संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. या संस्थेनें ज्या एका लहानशा इंजिनाच्या घडणीस हातभार लावला, त्याच्या पोटांत वर-खालीं हालणारा दट्ट्या नाहीं आणि उघडझाप करणारी झडपहि नाहीं. त्याचें वजन सुमारें ३० किलो, म्हणजे दहा वर्षांच्या मुलाइतकें. आणि शक्ति मात्र ५५ घोड्यांची. हें इंजिन कोणत्या जातीचें, तें कसें चालतें, त्याचा गुण कोणता आणि त्या गुणाची किंमत काय द्यावी लागते, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

प्रथम नेहमींचें इंजिन समजून घेतलें पाहिजे, आणि त्यासाठीं कारखान्यांत जाण्याचें कारण नाहीं. पायानें चालविण्याचें शिवणयंत्र त्या कामीं पुरेसें आहे. पायपट्टी झुलते, तिला जोडलेली उभी दांडी वर-खालीं होते, आणि त्या दांडीचें टोंक चाकाच्या मध्यापासून थोड्या अंतरावर अडकविलेलें असल्यामुळें चाक गरगर फिरूं लागतें. यंत्रावर नव्यानें बसलेला मनुष्य हमखास अडखळतो. दांडी अगदीं वरच्या किंवा अगदीं खालच्या टोंकास पोंचली, कीं पाय कितीहि दाबला तरी चाक हलत नाहीं, नाहीं तर उलटें फिरून दोरा तोडतें. या दोन जागांस मृतबिंदु म्हणतात. सरावलेल्या माणसास ते जाणवत नाहींत, कारण फिरत्या चाकाचा भारच दांडीला त्या जागेवरून पलीकडे ढकलून नेतो.

पेट्रोलच्या इंजिनांत पायाचें हें काम स्फोट करतो. सिलिंडर म्हणजे एक मजबूत नळकांडें. त्यांत सरकणारा पिस्टन म्हणजे दट्ट्या. दट्ट्या खालीं येतो, तेव्हां हवा व पेट्रोलची वाफ आंत ओढली जाते. तो वर जातो, तेव्हां तें मिश्रण दाबलें जातें. मग ठिणगी पडते, मिश्रण पेटतें व दट्ट्याला जोरानें खालीं लोटतें. तो पुन्हां वर येतो, तेव्हां जळका धूर बाहेर फेकला जातो. जर्मन शोधक निकोलस ऑटो यानें १८७६ सालीं हा चार पायऱ्यांचा क्रम यशस्वी करून दाखविला. या चार पायऱ्यांत दांडा दोन वळसे घेतो आणि शक्ति मात्र एकदांच मिळते. पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्स या कारखान्याची स्थापना १९४६ सालची. अशा तेलइंजिनांचा विहिरीवरून जो ठोक-ठोक असा संथ ठेका दूरवर ऐकूं येई, त्यांतील प्रत्येक ठोका म्हणजे दोन वळशांची मजुरी होय.

या रचनेंत एक मूळचाच अपव्यय आहे. चाकाला फिरावयाचें असतें, परंतु दट्ट्याला ये-जा करावी लागते. प्रत्येक टोंकाला तो क्षणभर थांबतो आणि उलट दिशेनें धांवूं लागतो. मिनिटाला ३,००० वळसे घेणाऱ्या इंजिनांत प्रत्येक दट्ट्या मिनिटाला ६,००० वेळां थांबतो. या धक्काबुक्कीमुळें यंत्र थरथरतें. तो थरथराट शमविण्यासाठीं जड चाक व प्रतिभार लावावे लागतात. झडपा उघडण्या-मिटण्यासाठीं वेगळी यंत्रणा ठेवावी लागते. हें सर्व जमिनीवर चालून जातें. परंतु जें यंत्र हवेंत उडावयाचें, त्याला प्रत्येक शेर वजन जाचतें. म्हणूनच, ही ये-जा टाळून सारें कांहीं फिरतेंच ठेवतां येणार नाहीं काय, असा प्रश्न शोधकांना पडला. त्याचीं दोन निरनिराळीं उत्तरें निघालीं, आणि दुर्दैवानें दोघांनाहि इंग्रजींत रोटरी हेंच नांव मिळालें. त्यामुळें वाचकांचा वारंवार गोंधळ होतो.

पहिलें उत्तर विमानविद्येच्या बाल्यांतलें आहे. फ्रान्समधील सेगँ बंधूंनीं १९०९ सालच्या सुमारास ‘नोम’ या नांवाचें इंजिन विमानांसाठीं पुढें आणलें. त्यांत दट्टे होते, नळकांडींहि होतीं. परंतु नेहमींचा संसारच उलटा केलेला होता. इतरत्र नळकांडीं स्थिर असतात व दांडा फिरतो. येथें दांडा विमानाच्या सांगाड्याला घट्ट ठोकलेला असे, आणि त्याच्याभोंवतीं ताऱ्याच्या किरणांप्रमाणें लावलेलीं सात नळकांडीं पंख्यासकट गरगर फिरत. जात्याचा खुंटा हातांत स्थिर धरून ठेवावा आणि तळीसह सारें जातेंच त्याच्याभोंवतीं फिरवावें, असा हा प्रकार होता. नळकांड्यांची संख्या विषम ठेवण्यांत मोठी युक्ति होती. एका आड एक नळकांडें पेटत गेलें, कीं दोन फेऱ्यांत प्रत्येकाची पाळी एकदां येते व शक्तीचा ओघ सारखा राहतो. संख्या सम असती तर पहिल्या फेरीनंतर पाळी पुन्हां पूर्वींच्याच नळकांड्यांवर आली असती.

ही उलटापालट करण्याचे दोन लाभ होते. नळकांडीं स्वतःच वाऱ्यांत फिरत असल्यामुळें तीं आपोआप थंड होत. पाणी व पाण्याची टांकी यांचें ओझें वांचे. शिवाय फिरणारें इंजिन हेंच जड चाकाचें काम करी. त्यामुळें ५० अश्वशक्तीचें नोम इंजिन सुमारें ७५ किलोंत बसलें. त्या काळीं ही गोष्ट अपूर्व होती, आणि पहिल्या महायुद्धाच्या आरंभीं आघाडीवरील कितीएक विमानें याच जातीच्या इंजिनांवर उडत होतीं.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ताऱ्याच्या आकाराचें प्रत्येक इंजिन फिरतें नसतें. दुसऱ्या महायुद्धांतील कित्येक अमेरिकन शर्मन रणगाड्यांत मूळ विमानासाठीं योजलेलें नऊ नळकांड्यांचें तारकाकृति इंजिन बसविलें होतें. परंतु त्यांत नळकांडीं जागच्या जागीं असत व दांडा फिरे. आकार सारखा, पण चाल नेहमींची. रणगाड्यांच्या संग्रहालयांत फिरणाऱ्या जिज्ञासूनें हा फरक ध्यानांत ठेवावा.

फिरत्या नळकांड्यांना वंगण देणें हें मोठें अवघड काम होतें. इंधनाचें मिश्रण दांड्याच्या पोटांतून येई, आणि साधें खनिज तेल पेट्रोलांत विरघळून जाई. एरंडेल मात्र पेट्रोलांत सहजीं मिसळत नाहीं व उष्णतेंतहि टिकतें. म्हणून एरंडेलच वापरावें लागे. तें एकदां कामास आलें कीं बाहेर उडून जाई आणि मागें बसलेल्या वैमानिकाच्या अंगावर व तोंडावर त्याचा सडा पडे. एरंडेलाचा पोटावरील गुण भारतीय घरांत निराळा सांगावयास नको. बिचाऱ्या वैमानिकांना तो आकाशांत भोगावा लागे.

यापेक्षां गंभीर प्रकार भोंवऱ्याचा. वेगानें फिरणारा भोंवरा बोटानें कलता करूं गेल्यास तो सरळ कलत नाहीं, भलत्याच बाजूस झुकतो. शेंकडों पौंडांचें इंजिन विमानाच्या नाकावर मिनिटाला बाराशें वळसे घेत असेल, तर सारें विमानच एक भोंवरा बनतें. इंग्रजांचें सॉपविथ कॅमल विमान उजवीकडे विजेसारखें वळे, आणि डावीकडे वळतांना त्याचें नाक वर उसळे. निष्णात वैमानिकाच्या हातीं हें शस्त्र ठरे. नवशिक्याच्या हातीं तें प्राणघातक होई, आणि शिकतांनाच अनेक तरुण मृत्युमुखीं पडले. पुढें फ्रान्समध्यें भारताचे राजदूत झालेले हरदितसिंग मलिक हे १९१७ सालीं याच विमानांतून लढले व पायास गोळ्या लागून जखमी झाले.

तथापि या इंजिनाची वाढ तेथेंच खुंटली. अधिक शक्ति हवी तर अधिक वेगानें फिरणें आलें; परंतु फिरणाऱ्या नळकांड्यांना हवेचा विरोध इतका वाढे, कीं मिळालेल्या शक्तीचा मोठा हिस्सा हवा घुसळण्यांतच खर्च होई. इंधन व एरंडेल दोन्ही भरमसाट लागत. १९१८ सालीं युद्ध संपलें, आणि थोड्याच वर्षांत हीं इंजिनें आघाडीवरून नाहींशीं झालीं. हलकेपणासाठीं दिलेली किंमत परवडेनाशी झाली होती.

दुसरें उत्तर अगदीं वेगळ्या वाटेनें आलें. फेलिक्स वँकेल हा जर्मन शोधक १९०२ सालीं जन्मला. त्याची दृष्टि फार अधू असल्यामुळें त्याच्याजवळ मोटार हांकण्याचा परवाना कधींहि नव्हता. दट्ट्याच काढून टाकावा, हा त्याचा ध्यास होता. १९२९ सालीं त्यानें पहिलें स्वामित्व मिळविलें, आणि नेकार्सुल्म येथील एन्. एस्. यू. कारखान्यांत १ फेब्रुवारी १९५७ रोजीं त्याचें इंजिन प्रथम चाललें. त्या पहिल्या नमुन्यांत आंतील भाग व बाहेरचें घर अशीं दोन्ही फिरत. त्याच कारखान्यांतील हान्स-डीटर पाश्के या अभियंत्यानें बाहेरचें घर स्थिर करून सोपी रचना सिद्ध केली. आजचें इंजिन तें हेंच.

याची घडण डोळ्यांपुढें आणण्यासाठीं श्रोत्यांनीं एक लांबट डबा कल्पावा. तो अंडाकृति आहे, पण त्याच्या कमरेस दोन्ही बाजूंनीं किंचित् चिमटा घेतलेला आहे. आतां त्यांत तीन कोपऱ्यांचा एक जाड ठोकळा ठेवावा, ज्याच्या बाजू सरळ नसून बाहेरच्या अंगास फुगलेल्या आहेत. या ठोकळ्याला रोटर म्हणतात. डब्याचा आकार भूमितीनें असा साधलेला असतो, कीं ठोकळा फिरतांना त्याचे तिन्ही कोपरे सदैव भिंतीला चिकटून राहतात. ठोकळा जागच्या जागीं फिरत नाहीं; थाळींत ठेवलेली वाटी कडेकडेनें गरगरावी, तसा त्याचा मध्य दांड्याच्या मध्याभोंवतीं फेर धरतो. त्याच्या पोटांत दांतेरी कडें असतें, आणि तें डब्याला जखडलेल्या लहान दंतचक्रावरून फिरतें. दोहोंच्या दांत्यांचें प्रमाण तीनास दोन ठेवलेलें असतें, त्यामुळें ठोकळा ठरलेली वाट सोडूं शकत नाहीं.

आतां ठोकळ्याच्या एकाच बाजूवर नजर ठेवावी. ती बाजू व भिंत यांमध्यें एक पोकळी आहे. ठोकळा फिरेल तशी ती पोकळी प्रथम मोठी होते व भोंकांतून हवा व पेट्रोल आंत येतें. पुढें ती लहान होते व मिश्रण दाबलें जातें. तेथेंच ठिणगी पडते. पेटलेला वायु फैलावतो व ठोकळ्याला पुढें लोटतो. शेवटीं पोकळी पुन्हां आकसते व धूर दुसऱ्या भोंकांतून निघून जातो. ऑटोच्या त्याच चार पायऱ्या, परंतु येथें त्या चार निरनिराळ्या जागीं होतात, आणि ठोकळा कोठेंहि थांबत नाहीं. भोंकें उघडणें व मिटणें हें काम त्याचें अंगच करतें, म्हणून झडपा लागत नाहींत. एका बाजूची एक पायरी चालू असतां दुसऱ्या दोन बाजूंच्या दुसऱ्या पायऱ्या चालूच असतात. ठोकळ्याच्या एका फेरींत तीन स्फोट होतात व तेवढ्यांत दांडा तीन वळसे घेतो; म्हणजे दांड्याच्या प्रत्येक वळशाला एक स्फोट. एकदट्टी इंजिनांत तो दोन वळशांस एक असतो. यावरून लहानशा आकारांत एवढी शक्ति कशी मावते आणि तें इतकें शांत कां चालतें, हें उघड होईल.

कल्पना इतकी सुंदर, मग जगांतील सर्व मोटारींत हेंच इंजिन कां नाहीं? याचें उत्तर त्या तीन कोपऱ्यांत आहे. साध्या दट्ट्याभोंवतीं गोल कड्या असतात. गोलाला गोल कडी बसविणें सोपें, आणि तिच्यावर तेलाचा पातळ थर टिकतो. येथें मात्र प्रत्येक कोपऱ्यावर एक अरुंद पट्टी असते. तिला भिंतीवरून सतत घासत जावें लागतें, आणि भिंतीशीं असलेला तिचा कोन क्षणोक्षणीं बदलतो. ती किंचित् झिजली, कीं एका पोकळींतील वायु दुसरींत शिरतो आणि शक्ति नाहींशी होते. शिवाय भिंतीची एक बाजू सदैव स्फोटाखालीं तापते व दुसरी सदैव थंड हवेनें निवते. त्यामुळें धातु सर्वत्र सारखा फुगत नाहीं. पोकळी लांबट व चपटी असल्यामुळें ज्वाला कोपऱ्यापर्यंत नीट पोंचत नाहीं, कांहीं पेट्रोल न जळतांच धुरांत जातें. पट्ट्यांना वंगण म्हणून थोडें तेल मुद्दाम जाळावें लागतें, तो धूर वेगळाच.

एन्. एस्. यू. कारखान्याला हा धडा फार महागांत पडला. त्याची रो ८० ही मोटार १९६७ सालीं आली, दुसऱ्याच वर्षीं तिला युरोपांतील सर्वोत्कृष्ट मोटारीचा मान मिळाला. परंतु कोपऱ्याच्या पट्ट्या झिजूं लागल्या, हमीप्रमाणें इंजिनें बदलून देतां देतां कारखाना खंगला, आणि १९६९ सालीं तो फोक्सवागनच्या छत्राखालीं गेला. जपानांत हिरोशिमाच्या माझ्दा मोटारी बनविणाऱ्या कारखान्यानेंहि परवाना घेतला होता. तेथेंहि भिंतीवर आडवे ओरखडे उठत. तेथील अभियंत्यांनीं त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे असें नांव दिलें. केनिची यामामोतो यांच्या हाताखालील मंडळींनीं वर्षानुवर्षें पट्ट्यांचे धातु बदलून पाहिले, आणि १९६७ सालीं चालण्याजोगी मोटार बाजारांत आणली. १९९१ सालीं फ्रान्समधील ले माँ येथील चोवीस तासांची शर्यत त्यांच्या फिरत्या इंजिनाच्या मोटारीनें जिंकली. तरीहि १९७३ सालच्या तेलटंचाईनें या इंजिनाची खादाडी जगाच्या नजरेस आणली होती, आणि पुढें धुराचे नियम कडक झाल्यावर २०१२ सालीं त्याच कारखान्यानें मोटारीचीं चाकें या इंजिनानें फिरविणें थांबविलें. २०२३ सालीं तें परत आलें, तें विजेच्या मोटारींत केवळ वीज निर्माण करणारा मदतनीस म्हणून.

हीच कल्पना शहरांतील घरोघरीं मात्र मुकाट्यानें काम करीत आहे. खोली थंड करणाऱ्या वातानुकूलन यंत्रांपैकीं पुष्कळांत वायु दाबणारा जो भाग असतो, त्यांत दट्ट्याची ये-जा नसते. गोल घरांत कडेकडेनें लोळणारा एक रूळ वायूला दाबीत नेतो. तेथें ज्वाला नाहीं, भयंकर तप्तता नाहीं, म्हणून कडा टिकतात. याचा अर्थ असा, कीं फिरणें सोपें आहे. पोटांत आग घेऊन फिरणें कठीण आहे.

मग आगीसह फिरणारें इंजिन कोठें शोभतें? जेथें हलकेपणाला सर्वांत अधिक मोल आहे आणि पेट्रोलचा खर्च दुय्यम आहे, तेथें. स्वतःच्या बळावर आकाशांत चढून मग इंजिन मिटून घेणाऱ्या कांहीं विमान-घिरट्यांत, म्हणजे ग्लायडरांत, तें वापरतात. इस्राएलच्या हर्मिस ४५० सारख्या वैमानिकरहित टेहळणी विमानांत तेंच असतें. अशा विमानाच्या पोटांत छायाचित्रण करणारें यंत्र असतें. इंजिन थरथरलें तर चित्र अस्पष्ट येतें. म्हणून कंपाचा अभाव हा तेथें दुसरा मोठा गुण ठरतो.

भारतीय सैन्यासाठीं बेंगळुरू येथें तयार झालेलें ‘निशांत’ हें अशाच जातीचें विमान होतें. वजन सुमारें ३८० किलो. त्याला धांवपट्टी लागत नसे. गाडीवर बसविलेल्या गोफणीसारख्या यंत्रानें तें आकाशांत भिरकावलें जाई, आणि काम संपल्यावर हवाईछत्रीनें खालीं उतरे. आरंभीं त्याचें इंजिन परदेशांतून आणावें लागे. ज्या यंत्राचें हृदय दुसऱ्याच्या हातीं आहे, तें यंत्र ऐन प्रसंगीं आपलें राहीलच असें नाहीं. म्हणून बेंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेनें, निशांत घडविणाऱ्या तेथल्याच संस्थेनें आणि नगरच्या वाहन संशोधन संस्थेनें मिळून ५५ अश्वशक्तीचें वँकेल इंजिन देशांतच घडविण्याचें काम अंगावर घेतलें. बेंगळुरूच्या प्रयोगशाळेकडे गाभा होता: ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचें ओतकाम, आणि आंतल्या भिंतीवर निकेल व सिलिकॉन कार्बाइड यांचा कठीण लेप. नगरच्या संस्थेनें ठिणगी पाडण्याची व इंधन पुरविण्याची व्यवस्था यांसारखे भोंवतालचे भाग सिद्ध केले. काम कसें वांटलें गेलें यावरूनच दुखणें कोठें होतें तें दिसतें. वँकेलची भूमिति पुस्तकांत सर्वांना उपलब्ध होती. अडचण होती ती त्या भिंतीच्या पृष्ठभागाची, जेथें पट्टी घासते.

जमिनीवर दीर्घ काळ चालवून पाहिल्यानंतर एप्रिल २००९ मध्यें कर्नाटकांतील कोलारजवळ हें स्वदेशी इंजिन घेऊन निशांत उडालें. तें सुमारें १.८ किलोमीटर उंचीवर चढलें, आणि सुमारें ४० मिनिटांनीं सुखरूप परत आलें. १९०९ च्या नोम इंजिनांत प्रत्येक अश्वशक्तीमागें दीड किलो वजन पडे. शंभर वर्षांनंतरच्या या इंजिनांत तें अर्ध्या किलोहून किंचित् अधिक होतें.

निशांतचें पुढें काय झालें, तेंहि सांगितलें पाहिजे. सैन्यास दिलेलीं हीं विमानें अपघातांत नष्ट झालीं, आणि २०१५ सालीं सैन्यानें ती योजना सोडून दिली. यान गेलें; परंतु ॲल्युमिनियमवर तो कठीण लेप कसा चढवावा, कोपऱ्याची पट्टी किती तासांत किती झिजते, इंजिन कोणत्या वेगाला तापूं लागतें, हें ज्यांनीं हातानें करून पाहिलें त्यांचें ज्ञान यानाबरोबर जात नाहीं. विकत घेतलेल्या इंजिनाबरोबर तें येतहि नाहीं.

भिंगारजवळच्या संग्रहालयांत रणगाडे ओळीनें उभे आहेत. त्यांतील प्रत्येक यंत्र एके काळीं नव्यांत नवें होतें, आणि प्रत्येकानें कांहीं गुण मिळविण्यासाठीं कांहीं गुण सोडले होते. चिलखत जाड केलें तर वेग गेला. वेग साधला तर चिलखत पातळ झालें. फिरत्या इंजिनाची गोष्ट याहून निराळी नाहीं. त्यानें थांबणें टाळलें, आणि त्याबद्दल तीन अरुंद पट्ट्यांवर सारा भार टाकला. ओझें वाहणाऱ्या ट्रकमध्यें हा सौदा तोट्याचा आहे. आकाशांत तासन् तास घिरट्या घालणाऱ्या हलक्या यानांत तो फायद्याचा ठरतो. कोणतें इंजिन श्रेष्ठ, असा प्रश्न कोणीं विचारल्यास, त्याला काय वाहून न्यावयाचें आहे, हें आधीं विचारून घ्यावें.